दिव्याबरोबर चढणारा काटा

एकदा एका गुळाच्या व्यापाऱ्याला जुनी स्पोर्ट्स कार घेण्याची लहर आली. हौसेला मोल नसते. गाडी दोनच माणसांची, उघड्या टपाची, आणि जमिनीला इतकी लगटलेली की आत बसणाऱ्याची नजर थेट रस्त्यावरच्या कुत्र्याच्या नजरेला भिडे. कित्येक वर्षे ती कुणाच्या तरी गोठ्यात धूळ खात पडली होती. तिला पुन्हा उभी करायला व्यापाऱ्याने ती कोल्हापुरातल्या एका वृद्ध वस्तादांच्या गॅरेजात आणली. कोल्हापुरात वस्ताद फक्त तालमीतच असतात असे नाही.

वस्तादांचे दोन शिष्य होते. थोरला सर्जेराव, धाकटा महावीर. दोघेही हाताने चांगले, दोघेही बायकापोरांचे. सर्जेराव आधी आलेला, त्यामुळे मोठे काम आपल्याकडेच येणार हे त्याने गृहीत धरले होते. वस्तादांनी ती लाल गाडी महावीरच्या हाती सोपवली आणि सर्जेरावच्या पोटात दुखू लागले.

महावीरने काही आगळीक केली असती तर एक वेळ बरे झाले असते. पण तो भला माणूस. ‘दादा’ म्हणून हाक मारी, अडले की विचारायला येई, डब्यातला मोठा तुकडा पुढे करी. राग यावा असे ज्याच्यात काहीच नाही, त्याचा मत्सर करणे फार जड जाते. सर्जेराव ते जड ओझे रोज वाहत होता. टेम्पोचे ब्रेक कसताना त्याचे अर्धे लक्ष त्या लाल पत्र्यावर असे. महावीर मान खाली घालून सगळे वायरिंग नवे करी, आतला पत्रा घासून रंगवी, आणि येणारा जाणारा थांबून म्हणे, “काय काम केलंय राव.” आपल्या टेम्पोपाशी कुणी थांबत नाही, एवढेच सर्जेरावला दिसे.

त्यात आणखी एक भर पडली. येत्या रविवारी जुन्या गाड्यांची कोल्हापूर ते गोवा अशी फेरी निघणार होती. व्यापारी म्हणाला, “वाटेत काही झालं तर शेजारी मिस्त्री पाहिजे. महावीर, तू चल माझ्याबरोबर.” सर्जेराव दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याच्याकडे कुणी पाहिलेही नाही. त्या रात्री त्याला जेवण गेले नाही.

वस्तादांच्या गॅरेजाचा एक दंडक होता. ज्याने काम केले त्याने त्या गाडीची पहिली फेरी मारायची नाही, ती दुसऱ्याने मारायची. आपल्या हातचे आपल्याला गोडच लागते, असे त्यांचे म्हणणे. म्हणून शनिवारी सकाळी लाल गाडी घेऊन सर्जेराव पन्हाळ्याच्या रस्त्याला लागला. गाडी सुरेख चालत होती. ते पाहून तो अधिकच खट्टू झाला. देव करो आणि काहीतरी निघो, असे मनातल्या मनात म्हणत तो घाट चढू लागला.

देवाने ऐकले म्हणायचे. घाटात धुके दाटले होते. सर्जेरावने समोरचे दिवे लावले, आणि इंजिनाची उष्णता दाखवणारा काटा बघता बघता मधून उठला आणि लाल रेघेला जाऊन टेकला. माणसाला आनंद कशाकशाचा होईल सांगता येत नाही. सर्जेरावला झाला. तो तिथूनच मागे फिरला.

खाली उतरताना धुके विरळ झाले. त्याने दिवे बंद केले. काटा तत्काळ मधे आला. सर्जेरावने ते पाहिले. तो कसलेला मिस्त्री होता. क्षणभर त्याच्या मनात खरी शंका येऊन गेली, पण त्याने ती दडपली. उतार आहे, म्हणून इंजिन निवले असेल, असे त्याने स्वतःला बजावले. झोपेचे सोंग घेतलेल्याला जागे करता येत नाही म्हणतात. इथे सोंग घेणाराही तोच आणि जागे करणाराही तोच.

गॅरेजात व्यापारी वाट पाहत होता. सर्जेराव गाडीतून उतरता उतरता म्हणाला, “इंजिन तापतंय. काटा पार लालला टेकला. हेड खोलाय लागंल.”

महावीरचा चेहरा पांढरा पडला. “दादा, पाणी मी सोत्ता भरलंय. फॅन बी फिरतोय.”

“मग काटा काय माझा पावणा हाय, माझ्या बाजूनं बोलायला?”

दादाने सांगितले म्हणजे खरेच असणार, म्हणून महावीरने पाना उचलला. व्यापारी हिरमुसला. “इंजिन खोललं तर उद्याचं काही खरं नाही. मी आपली जुनी जीप नेतो. महावीर, तू हे काम बघ. सर्जेराव, तुम्हीच चला बरोबर.”

जे हवे होते ते न मागता पदरात पडले होते. सर्जेराव मान हलवणार एवढ्यात बाकावर चहा पीत बसलेले वस्ताद उठले.

“महावीर, पाना ठेव. सर्जा, गाडीत बस. चालू कर.”

इंजिन सुरू झाले. वस्तादांनी बॉनेट उघडले नाही. रेडिएटरला हात लावला नाही. ते गाडीसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “दिवे लाव.” भर उन्हात दिवे कशाला, हे व्यापाऱ्याला कळेना. त्याला वाटले, म्हाताऱ्याचे आता वय झाले.

“काटा कुठं हाय, मोठ्यानं सांग.”

सर्जेरावने काट्याकडे पाहिले. “चढला.”

“विझव. आता?”

“उतरला.”

“परत लाव.”

“चढला,” सर्जेराव म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना.

वस्ताद व्यापाऱ्याकडे वळले. “लोखंड इतक्या झटक्यानं तापत न्हाई आन् निवत बी न्हाई. इंजिनाला काय बी झालं न्हाई मालक. काट्याची आन् दिव्याची अर्थिंगची वायर एकाच जागी कसलीया, आन् ती जागा रंगवलीया. रंगातनं वीज धड जाईल व्हय? दिवा लागला की त्याच्या विजेच्या गर्दीनं काट्याची परतीची वाट अडती. मग तो भलतंच सांगतोय. महावीर, चूक तुझीच हाय, पर नखाएवढी. रंग खरवड आन् उघड्या पत्र्यावर कस.”

महावीर पॉलिश पेपर आणायला गेला. वस्ताद गाडीच्या दाराशी आले आणि वाकून, फक्त सर्जेरावला ऐकू जाईल अशा आवाजात बोलले.

“सर्जा, तुझ्या हातची एक तरी गाडी तक्रार घिऊन परत आलीया का? न्हाई. मग तुझं काय तापलंय? शेजारी दिवा लागला, एवढंच झालंय. पाय आपल्या कामावर घट्ट रोवलेला असला, की शेजारी कितीबी दिवे लागूदेत, काटा जाग्यावर ऱ्हातो. तुझी अर्थिंग सुटलीया लेका.” एवढे बोलून ते बाकाकडे गेले. घाटात काय पाहिलेस, हे त्यांनी विचारलेच नाही.

त्यांनी विचारले असते तर सर्जेराव कदाचित खोटे बोलला असता. न विचारल्यामुळे ते त्याच्याच माथी राहिले. तो गाडीत बसून राहिला. उद्याची जागा गेली होती, पण अब्रू अजून शाबूत होती. ‘नजरचूक झाली’ एवढे म्हटले की सगळे मिटले असते. व्यापारी तर म्हणतही होता, “चालायचंच हो, धुक्यात कुणाच्याही लक्षात आलं नसतं.”

सर्जेराव खाली उतरला.

“माझ्या लक्षात आलं हुतं,” तो म्हणाला. “दिवे विझवले तसा काटा उतरला. मी बघितलं आन् बोललो न्हाई. महावीरचं इंजिन नाहक खोलाय लावलं असतं मी.”

महावीर पॉलिश पेपर हातात धरून उभा होता. त्याला हे लागले, आणि ते त्याने लपवलेही नाही. तो डॅशबोर्डखाली आडवा झाला आणि रंग घासू लागला. आत अंधार होता. सर्जेराव टॉर्च घेऊन त्याच्याजवळ बसला आणि काम होईपर्यंत त्याच्या हातावर उजेड धरून राहिला.

रविवारी लाल गाडी गोव्याला गेली, शेजारी महावीर होता. सर्जेराव गॅरेजाच्या दारात उभा राहून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत होता. जळले का? थोडेसे जळले. पण हा काटा महावीरमुळे चढत नाही, हे आता त्याला कळत होते, आणि तो टेम्पोच्या ब्रेककडे वळला.

दुसऱ्याच्या घरी दिवा लागला आणि आपल्याला धग जाणवली, तर त्याचे इंजिन खोलायला धावू नये. आधी आपली अर्थिंग तपासावी.