ढोलकापुढे टिकणारी गिटार

शब्द साधे आहेत, शुद्धलेखनाच्या चुका सांभाळून घ्या.

वसईचा ऑल्विन रोज सकाळी मित्रांसोबत गायला-वाजवायला बसे. ढोलकापुढे त्याची गिटार ऐकूच येत नसे. "उद्यापासून तू खुळखुळा वाजव," मित्रांनी बजावलं. म्हणून तो मोठ्या आवाजाची गिटार शोधायला दुकानात गेला.

दुकानदार डाबरेशेठनी महागडी गिटार तारा छेडायच्या जाड नखीने दणकून वाजवली, साधी मात्र नुसत्या अंगठ्याने हळूच छेडली.

"कळला फरक? आवाजाला पैसे पडतात, बाळा!"

ऑल्विन लाजत म्हणाला, "शेठ, मग गिटार राहू द्या. मला तेवढी नखी द्या."

शेठ ओशाळले. त्यांनी तीच नखी साध्या गिटारवर चालवली आणि दुकान दणाणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑल्विन विकत घेतलेली ती साधी गिटार आणि नखी घेऊन मुद्दाम ढोलकवाल्याला खेटून बसला.