चार कात्रणं आणि मोकाशी साहेब

आमच्या पशुखाद्याच्या कारखान्यात प्रयोगशाळेतली एक जागा निघाली होती, तेव्हाची ही गोष्ट. मी तिथं चहा देतो, म्हणून सगळं डोळ्यांदेखत घडलं.

दोन एसट्या बदलून अश्लेषा खोचरे नावाची पोरगी मुलाखतीला आली. बीएस्सी होऊन दीड वर्ष झालेलं आणि अकरा ठिकाणी नकार मिळालेला. मॅनेजर मोकाशी साहेबांनी तिची फाइल न उघडताच बाजूला सारली.

"काय गं, जाहिरात वाचता येत नाही? तीन वर्षांचा अनुभव पाहिजे. आम्ही काय इथं शाळा उघडलीय?"

पोरीनं पिशवीतनं चार कात्रणं काढून टेबलावर मांडली. "साहेब, ही तुमचीच जाहिरात. वर्षात चौथ्यांदा आलीय. आधीचे तिघं अनुभवी होते ना?"

"होते की! चांगले मुरलेले!"

"मग गेले कुठं?"

साहेब जरा घुटमळले. "दुसरीकडं जास्त पगार मिळाला, गेले."

"बघा. अनुभवी माणसाला कुणीही बोलावतं. मला तीन वर्षं झाल्याशिवाय कुणी दारात उभं करत नाही. म्हणजे मी तीन वर्षं इथंच राहणार. एवढी खात्री दुसरं कोण देईल, साहेब?"

साहेबांनी हळूच फाइल ओढून उघडली. "आणि तीन वर्षांनी?"

"तेव्हा मीही अनुभवी झालेली असेन," पोरगी हसली. "मला कसं टिकवायचं, त्याचा विचार करायला तुम्हाला तीन वर्षं आहेत."

साहेब खो खो हसले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मामा, मॅडमना चहा द्या. सोमवारपासनं रोज द्यायचा आहे."