बोनहाम्याचे उघडे दार

काश्मीरमधल्या बोनहामा गावात मागशाळेचे दार भर हिवाळ्यातही लावत नाहीत. बाहेर गुडघाभर बर्फ, आत विणकर फेरनच्या ढगळ लोकरी झग्याखाली निखाऱ्यांची कांगडी धरून बसलेले, आणि दार सताड उघडे. पाहुणे कुडकुडत विचारतात, अहो, हे दार का लावत नाही? मग गाव दाखवणारे म्हातारे हबीब मलिक चहाचा पेला खाली ठेवतात. ही गोष्ट त्यांनी हजारदा सांगितली असेल, पण दर वेळी त्यांचे डोळे असे चमकतात, जणू आज सकाळीच घडली आहे.

आधी ते तालीम समजावतात, कारण तिच्यावाचून गोष्टीला अर्थ नाही. कणी शालीची नक्षी चित्र पाहून विणत नाहीत. ती ओळीओळीने एका खुणांच्या लिपीत लिहिलेली असते, तीच तालीम. किती धाग्यांवर कोणता रंग, हे उस्ताद तिच्यातून मोठ्याने वाचतो. दोनांवर लाल, एकावर पिवळा, तिनांवर हिरवा. विणकर त्या त्या रंगाची बोटाएवढी लाकडी कांडी धाग्यांतून काढतात आणि म्हणतात, "होय". शाल विणली जाते उलट्या बाजूने. आपल्या हाताखाली फूल उमलते आहे की पान, हे विणकराला दिसतच नाही. उस्तादाचा आवाज हेच त्याचे डोळे.

फार पूर्वी, सुभेदारांच्या अमदानीत, बोनहाम्यात अहद नावाचा उस्ताद होता असे सांगतात. बायको वारलेली, घरात एकुलती एक मुलगी, मोख्ती. पशम, म्हणजे शालीची मऊ लोकर, कातायची ती बायकांनी आणि विणायची ती पुरुषांनी, असा तेव्हा शिरस्ता. मागशाळेत बाईने पाऊल टाकायचे नाही. मोख्ती सातव्या वर्षापासून मागशाळेच्या उंबऱ्याबाहेर, ओसरीवर चरखा घेऊन बसे. आत बाप वाचत असे, बाहेर ती कातत असे.

सुभेदाराने शालींची जोडी विणायला सांगितली. जोडी म्हणजे अगदी जुळी. एकीवरची पाकळी दुसरीवर ठेवली तर झाकली गेली पाहिजे. पहिली शाल दीड वर्षात विणून झाली आणि सुभेदाराकडे पोचली. ती त्याला इतकी आवडली की त्याचाच जीव घाबरा झाला. तिसरी शाल कोणी विणली तर? दुसरी अर्धी झाली होती. तेवढ्यात शिपाई आले, तालमीचे सगळे कागद आणि खुद्द अहद उस्तादाला उचलून शहरातल्या किल्ल्यात घेऊन गेले. दरबारातला निरोप एवढाच होता, की पुढच्या नवरोजपर्यंत, म्हणजे वसंतातल्या नववर्षापर्यंत, जोडी पुरी झाली तर उस्ताद घरी येईल, नाहीतर जन्मभर किल्ल्यातच राहील.

शाल हातांनी विणतात एवढेच त्या शहाण्यांना माहीत! हात तर गावात आहेतच, मग अडले कुठे, असे त्यांना वाटले. सत्ता असली की माणूस विचारायचेसुद्धा कष्ट घेत नाही.

माग थंडावले. मुख्य विणकर समदकाका डोके धरून बसले. तेव्हा मोख्ती उंबऱ्यापाशी आली आणि म्हणाली, की पहिली शाल मी सगळी ऐकली आहे, मी सांगते.

विणकर हसले म्हणे. एक जण म्हणाला, "आता बायका तालीम सांगणार, तर आम्ही काय भात शिजवायचा?"

"शिजवा," मोख्ती म्हणाली. "निदान हात तरी हलतील."

समदकाकांना हसू आले नाही. त्यांनी उस्तादाची रिकामी बैठक तिला दाखवली. मोख्ती आत गेली, बसली, तोंड उघडले, आणि काहीच आले नाही. एकही रंग आठवेना. विणकरांनी माना फिरवल्या. ती उठून बाहेर पळाली आणि रडू आवरायला म्हणून चरखा ओढून बसली. चाक फिरले, धागा निघाला, आणि त्याबरोबर शब्द निघाले. दोनांवर लाल. एकावर पिवळा. तिनांवर हिरवा.

ऐकले होते कातता कातता, तर आठवणारही कातता कातताच! चाकाच्या फेऱ्याला एकेक रंग बांधलेला होता. समदकाका जवळजवळ ओरडलेच, "कांड्या उचला रे." आणि आतून, कितीतरी दिवसांनी, आवाज आला, "होय".

मग काय विचारता! उन्हाळा गेला, चिनार लाल झाले, बर्फ पडला. मोख्ती उंबऱ्याबाहेर कातत होती, बोलत होती. आत शाल वीतवीत वाढत होती. पण तिच्या आठवणीत नुसती तालीम नव्हती. बापाचा प्रत्येक शब्द तिथे होता. एका दुपारी ती एका लयीत सांगत गेली, "चारांवर निळा, एकावर पांढरा, मोख्ती, दार लाव, बर्फ आत येतोय."

आपण काय बोललो हे तिला बोलल्यावर कळले. चाक थांबले. पहिल्या शालीच्या वेळी, याच ओळीवर, बाबांनी तिला हाक मारली होती. त्यांचा तो आवाज तिच्याच तोंडून बाहेर आला होता, आणि पुढचे सगळे गेले. एकही रंग आठवेना.

विणकरांच्या हातांना ऐकले की करायचे एवढेच ठाऊक. एक जण सरळ दार लावायला उठला. समदकाकांनी त्याचे फेरन धरून त्याला खाली बसवले. अर्धी सोडलेली ओळ सैल पडते, म्हणून त्यांनी हाताशी होती ती मोख्तीनेच कातलेली, रंग न दिलेली पशम घेतली आणि ओळ पुरी केली. मग ते दाराकडे तोंड करून म्हणाले, "दार उघडं आहे. पुढे बोल, उस्ताद."

मागशाळेत बाईला उस्ताद म्हटल्याचे कोणी ऐकले नव्हते. कोणी हसलेही नाही. मोख्तीने डोळे पुसले, चाक फिरवले आणि पुढची ओळ सांगितली.

नवरोजच्या आदल्या दिवशी समदकाका आणि मोख्ती शाल घेऊन किल्ल्यात पोचले. सुभेदाराने दोन्ही शाली शेजारी अंथरल्या. पाकळीला पाकळी, पानाला पान. मग त्याचे बोट दुसऱ्या शालीवर एका जागी थांबले. तिथे केसाएवढी पांढरी रेघ होती, पहिलीवर नव्हती. सुभेदाराने अहद उस्तादाला बोलावून जाब विचारला.

वर्षभरात उस्ताद वाळून काडी झाला होता. शाल पुरी कशी झाली, कोणी सांगितली, त्याला काही माहीत नव्हते. तो वाकला, काठापासून बोटाने ओळी मोजत रेघेपर्यंत आला, आणि थबकला. ओठ हलले. मग त्याने मान वर करून लेकीकडे पाहिले.

"हुजूर," तो म्हणाला, "इथे मी माझ्या मुलीला दार लावायला सांगितलं होतं."

दरबारात कोणाला काही कळले नाही. ज्यांना कळायचे त्यांना कळले. सुभेदाराने रेघ पुन्हा पाहिली, फुले पुन्हा पाहिली. दोष सापडला होता, पण चूक सापडत नव्हती. जोडी पुरी होती आणि शब्द भर दरबारात दिलेला होता. तो चिडून म्हणाला, की म्हातारा जाईल, पण तालमीचे कागद इथेच राहतील. तिसरी शाल होता कामा नये.

अहद उस्तादाने लवून सलाम केला. "खुशाल ठेवा, हुजूर. आमची तालीम घरी चालत येतेय."

आणि मुलीचा हात धरून तो किल्ल्याबाहेर पडला.

हबीब मलिक इथे थांबतात, आणि पाहुण्यांना आत नेतात. आजही बोनहाम्याच्या प्रत्येक शालीत एक बिनरंगी ओळ असते. ती आली की वाचणारा गप्प होतो, मग तो उस्ताद पुरुष असो की बाई. आणि बाया आता कितीतरी आहेत. मागावरची सगळी माणसे दाराकडे वळतात, तिथे कातणारी कोणी असो वा नसो, आणि एका सुरात म्हणतात, "पुढे बोल, उस्ताद."