फताडीचे बूट आणि टेकडीवरची घंटा

एक होतं बदकाचं पिल्लू. नाव तिचं फताडी.
चोच इवलीशी. शेपटी इवलीशी.
पण पाय? पाय हे एवढाले!
पुढून रुंद रुंद. मागून बारीक बारीक.
चालली की आवाज यायचा, फतक फतक, फतक फतक.

फताडीकडे होती एक लाल सायकल.
गावाबाहेर होती एक टेकडी. टेकडीवर होती एक घंटा.
आणि घंटेचा होता एक नियम.
जो सायकलवरून टेकडी चढेल, पाय जमिनीला न टेकता चढेल, त्यानंच घंटा वाजवायची. ठण्ण!
भुरक्या सशानं वाजवली. चिटकी खारीनं वाजवली.
फताडीनं? एकदासुद्धा नाही.

एकदा फताडीनं भुरक्याचे जुने बूट घातले.
पुढे घट्ट घट्ट. मागे ढिल्लेढाले.
टाचेत कोंबला चिंधीचा बोळा. आणि निघाली टेकडीवर.
एक पेडल, दोन पेडल, तीन पेडल...
सटक्! पाय घसरला.
सुर्रर्र! बूट उडाला.
डुबुक! बूट विहिरीत.
आणि फताडी? धप्पकन चिखलात!

विहिरीत राहत होता एक बेडूक. त्यानं बूट पाहिला. आत शिरला. आणि झोपला घुर्र घुर्र.
झालं! बूट गेला तो गेलाच.

भुरक्या आणि चिटकी हसले. खो खो, खी खी.
"फताडे पाय, फताडे पाय, सायकलवर टिकतात काय?"
फताडीला आलं रडू. थोडंसंच. मग आला राग. तो मात्र खूप.
"मी घंटा वाजवणार म्हणजे वाजवणार!"
आणि ती निघाली. फतक फतक, फतक फतक.

वाटेत लागलं शेवंताकाकूचं सायकलचं दुकान.
"काकू काकू, पेडल दे.
पेडल लागलं की मी चढेन टेकडी.
घंटा वाजवीन ठण्ण!"
काकूनं हाताचं ग्रीस कपाळाला पुसलं. म्हणाली, "साधं पेडल? पाय घसरेल. पट्ट्याचं पेडल? पाय अडकेल. तुला हवं खटक्याचं पेडल! खट् केलं की बूट बसला. टाच बाहेर वळवली की बूट सुटला."
"दे ना मग!"
"अगं, पण बूट कुठाय? खटका काय तुझ्या बोटाला लावू? आधी मापाचे बूट आण. मग पेडल ने."

फताडी निघाली. फतक फतक, फतक फतक.
वाटेत बसले होते बूट शिवणारे अंतूकाका.
"काका काका, बूट शिवा.
बूट शिवले की काकू देईल पेडल.
पेडल लागलं की मी चढेन टेकडी.
घंटा वाजवीन ठण्ण!"
काका म्हणाले, "ठेव पाय कागदावर."
पाय मावेना! काकांनी जोडला दुसरा कागद. पेन्सिल फिरली गुर्रर्र.
काका म्हणाले, "हा पाय आहे का पंखा? छोटे बूट घातलेस तर बोटं रडतील. मोठे घातलेस तर टाच पळेल. पुढून शिवतो ऐसपैस. मागून भरतो लोकर. पण लोकर कुठाय? आधी लोकर आण. मग बूट ने."

फताडी निघाली. फतक फतक, फतक फतक.
कुरणात उभी होती मेंढी.
"मेंढीताई मेंढीताई, लोकर दे.
लोकर मिळाली की काका शिवतील बूट.
बूट शिवले की काकू देईल पेडल.
पेडल लागलं की मी चढेन टेकडी.
घंटा वाजवीन ठण्ण!"
मेंढी म्हणाली, "बें बें! लोकर घे हवी तेवढी. पण बघ, अंगभर काटे अडकलेत. इथे टोचतात, तिथे टोचतात. बसता येत नाही, लोळता येत नाही. आधी काटे काढणारी आण. मग लोकर ने."
फताडीनं चोचीनं काटा ओढला. "आई गं!" काटा टोचला जिभेला. हे काम काही तिचं नव्हे.

फताडी निघाली. फतक फतक, फतक फतक.
तारेवर बसली होती साळुंकी.
"साळुंकीबाई साळुंकीबाई, काटे काढ.
काटे निघाले की मेंढी देईल लोकर.
लोकर मिळाली की काका शिवतील बूट.
बूट शिवले की काकू देईल पेडल.
पेडल लागलं की मी चढेन टेकडी.
घंटा वाजवीन ठण्ण!"
साळुंकी म्हणाली, "शी! मी? या अवतारात? आंघोळ नाही केली तीन दिवस! विहीर खोल, डबकं घाण. मला हवी मातीची पसरट थाळी. आत गार गार पाणी. आधी थाळी आण. मग मला ने."
आणि तिनं मान फिरवली. अशी फिरवली, की बास!

फताडी निघाली. फतक फतक, फतक फतक.
आता पाय दुखत होते. पोटात कावळे ओरडत होते. पण घंटा डोळ्यांपुढून जाईना.
अंगणात बसले होते कुंभार धोंडूदादा. शेजारी मातीचा हा एवढा ढीग.
"दादा दादा, थाळी द्या.
थाळी मिळाली की साळुंकी काढेल काटे.
काटे निघाले की मेंढी देईल लोकर.
लोकर मिळाली की काका शिवतील बूट.
बूट शिवले की काकू देईल पेडल.
पेडल लागलं की मी चढेन टेकडी.
घंटा वाजवीन ठण्ण!"
धोंडूदादा म्हणाले, "थाळ्या ढीगभर आहेत गं. पण माझा पाय मुरगळलाय. ही माती कोण तुडवणार? काल ससा आला, पाय रुतले. खार आली, शेपूट बरबटलं. कामाचं कुणीच नाही. मातीला कसे पाय हवेत सांगू? पसरट! रुंद! चांगले फताडे!"

फताडीनं खाली बघितलं.
एक पाय बघितला. दुसरा पाय बघितला.
आणि मारली उडी मातीत!
फतक फतक, फतक फतक!
पचक पचक, पचक पचक!
इकडून तुडवली, तिकडून तुडवली. गोल गोल नाचून तुडवली.
माती झाली मऊ मऊ. लोण्यासारखी.
धोंडूदादा म्हणाले, "वा गं माझे बाय! असे पाय मला असते तर!"
असं तिला आजवर कुणी म्हणालं नव्हतं. फताडी इतकी खूश झाली, की आणखी दोन चकरा फुकट मारल्या.

मग काय, सगळं सुटलं भराभर!
धोंडूदादांनी दिली थाळी.
थाळीत भरलं पाणी. साळुंकीनं केली आंघोळ, फडफड फडफड.
साळुंकीनं काढले काटे, टुचुक टुचुक.
मेंढीनं दिली लोकर, मऊ मऊ.
काकांनी शिवले बूट, टाके घातले सुळुक सुळुक. पुढून ऐसपैस, मागून घट्टमुट्ट. बोटं रडेनात. टाच पळेना.
काकूनं बसवली पेडलं, बुटांखाली लावले खटके.
खट्! एक पाय बसला.
खट्! दुसरा पाय बसला.
काकू ओरडली, "उतरताना टाच बाहेर वळव हं! विसरू नकोस!"
"नाही विसरणार!" म्हणाली फताडी.
आणि लगेच विसरली.

एक पेडल, दोन पेडल, तीन पेडल...
सटक् नाही! सुर्रर्र नाही! डुबुक तर नाहीच नाही!
चिखल गेला मागे. विहीर गेली मागे.
फताडी पोचली टेकडीवर!
ब्रेक मारला. पाय उचलला.
पाय उचलेना!
दुसरा उचलला. तोही उचलेना!
सायकल झुकली इकडे. सायकल झुकली तिकडे. आता पडणार!
फताडीनं चोचीत पकडला घंटेचा दोर.
सायकल इकडे, ठण्ण!
सायकल तिकडे, ठण्ण!
ठण्ण ठण्ण ठण्ण ठण्ण ठण्ण!

सगळं गाव बाहेर आलं. साळुंकी थाळीतून भिजलेलीच उडाली. बेडूक बुटातून दचकून उठला.
भुरक्या आणि चिटकी धावत आले.
भुरक्या म्हणाला, "पाय टेकला होता का? खरं सांग!"
चिटकी म्हणाली, "कसा टेकेल? सुटतच नाहीये!"
खालून काकू ओरडली, "अगं टाच! टाच बाहेर!"
फताडीनं टाच वळवली. खट्! फताडी उतरली.
उतरली ती ऐटीत. मान ताठ, शेपटी वर.
तेव्हापासून भुरक्या आणि चिटकी म्हणतात,
"फताडे पाय, फताडे पाय, टेकडी चढले, आणखी काय!"

खट् केलं, गोष्ट बसली.
टाच वळवली, गोष्ट सुटली!