कासवाच्या पाठीवरचा हुतूतू

एकदा काय झालं, एका राजाला एक मुलगी होती. हेमकळा तिचं नाव. तिला घोड्यावर बसता यायचं, पोहता यायचं, नाव वल्हवता यायची. फक्त हरता येत नव्हतं. कधी हरलीच नव्हती ना ती.

त्यांचं गाव होतं एका मोठ्या तळ्याच्या काठी. तळ्याच्या मधोमध एक बेट होतं. गोल गरगरीत, त्यावर नुसती हिरवळ. झाड नाही, दगड नाही. बेटावर जायला लाकडी साकव होता. रोज संध्याकाळी गावातली सगळी पोरं साकवावरून तुरुतुरु जायची आणि तिथे हुतूतू खेळायची. मधे एक रेघ आखायची. रेघेच्या उजवीकडे एक संघ, डावीकडे दुसरा.

आता ते बेट म्हणजे काय होतं ठाऊक आहे? ते होतं एक कासव. इतकं म्हातारं की त्याच्या पाठीवर गवत उगवलं होतं. गावात सगळ्यांना माहीत होतं, पण भीती कोणालाच नव्हती, कारण ते झोपलेलं असायचं. पोरं दोन्ही अंगांना धावायची, धुप धुप, धुप धुप. त्याला वाटायचं, कोणीतरी थोपटतंय. मग ते आणखी गाढ झोपायचं.

पुढे हेमकळा मोठी झाली आणि एका संघाची म्होरकी झाली. दुसऱ्या संघाची म्होरकी होती वेणू, कोळ्याची लेक. गडी निवडायची वेळ आली की राजाची मुलगी म्हणून पहिलं नाव हेमकळा घ्यायची. पहिलंच काय, दुसरं आणि तिसरंही तीच घ्यायची. हरणासारखा पळणारा भिवा तिचा. पकडलेला गडी न सोडणारी सोनाई तिची. वेणूकडे जायची उरलेली पोरं. एकाच्या पायात काटा, एकीचा दम पुरायचा नाही, एकाला हुतूतू म्हणताना हसूच फुटायचं.

मग काय, डाव सुरू झाला की वेणूची पोरं पटापट बाद व्हायची आणि कडेला बसून गवत उपटायची. उजवीकडे नुसता धुडगूस, डावीकडे शुकशुकाट. हळूहळू एकाचं पोट दुखायला लागलं, दुसऱ्याला वासरू बांधायचं असायचं. डावीकडची पोरं येईनाशी झाली.

आणि एका संध्याकाळी, बरं का, बेट हललं.

थोडंसंच हललं. पण तळ्याचं पाणी उसळून घाटावर आलं आणि बायकांच्या घागरी वाहून गेल्या. दुसऱ्या दिवशी पाणी बाजारात शिरलं. वाण्याचं मीठ विरघळून गेलं. लोक घाबरले. राजा म्हणाला, "उद्यापासून खेळ बंद."

हेमकळा कोणाला न सांगता नावेत बसली. कासवाचं तोंड पाण्यात जिथे होतं तिथे गेली आणि म्हणाली, "कासवआजोबा, तुम्ही का हललात?"

कासवाने एक डोळा उघडला. परातीएवढा डोळा. ते म्हणालं, "माझ्या डाव्या अंगाला कोणी थोपटतच नाही, बाळ. मला झोप लागत नाही. आता कूस बदलून बघावी म्हणतो."

कासवाने कूस बदलली तर गाव बुडणार होतं. ती म्हणाली, "थोडं थांबाल का?"

"थांबतो की," कासव म्हणालं. "पण फार थांबवणार नाही ग मला."

मग हेमकळा वडिलांकडे गेली आणि सगळं सांगितलं. राजाने लगेच दवंडी पिटवली, की खेळ पुन्हा सुरू. बाद झालेल्या पोरांनी बसायचं नाही, डाव्या अंगाला नाचत राहायचं. शिपाई उभे केले. पोरं बिचारी नाचली, पण रडवेल्या तोंडाने, पाय आपटत. कासवाने दुसरा डोळा उघडला. म्हणालं, "हे थोपटणं नाही, हे आपटणं आहे." आणि पाणी देवळाच्या पायरीला लागलं.

मग हेमकळाने ठरवलं, आपण मुद्दाम हरायचं. दुसऱ्या दिवशी ती रेघेपलीकडे गेली आणि कोणी धरायच्या आधीच खाली बसली. वेणूकडे बाळू नावाचा एक चिमुकला होता, हातभर उंचीचा. तो जवळ आला आणि म्हणाला, "ताई, मी तुला धरलंच नव्हतं. तू आपणहून बसलीस." आणि तो घरी निघाला. त्याच्यामागून बाकीचीही निघाली. कासवाने मान बाहेर काढली. पाणी घराघरांत शिरलं. माणसं लेकरांना कडेवर घेऊन माळ्यावर चढली.

हेमकळा साकवावर बसून राहिली. आता काय करावं हे तिला कळेना. वेणू तिच्याशेजारी येऊन बसली.

हेमकळा म्हणाली, "तुझ्याकडची पोरं मनापासून का खेळत नाहीत ग?"

वेणू म्हणाली, "तू भिवाचं नाव घेतेस, सोनाईचं घेतेस. शेवटी जी उरतात ती माझी. उरलेलं असलं की पाय जड होतात, हेमा. तू कधी उरली नाहीस."

हेमकळा म्हणाली, "मग कोणी नाव घेऊन निवडायचंच नाही."

"आणि संघ कसे पाडायचे?"

दोघींनी डोकं लावलं. कोण कोणाच्या तोडीचं, हे पोरांना बरोबर ठाऊक असतं. मग सारख्याला सारखी अशा जोड्या लावायच्या. जोडीने लांब जाऊन गुपचूप खोटी नावं ठेवायची आणि परत यायचं. म्होरक्याने नुसतं नाव मागायचं. त्या नावाआड कोण आहे ते त्याला कळणारच नाही.

दोघींनी नावेतून दारोदार जाऊन पोरांना बोलावून आणलं. वेणू म्होरकी राहिली. तिच्या तोडीची रंगू दुसरी म्होरकी झाली. हेमकळाने म्होरकेपण सोडलं आणि भिवाच्या खांद्यावर हात टाकून लांब गेली. दोघं कुजबुजली, हसली आणि परत आली.

"कोणाला हवं कारलं, कोणाला हवा भोपळा?"

"कारलं," वेणू म्हणाली.

कारलं म्हणजे हेमकळा. पहिल्यांदाच ती रेघेच्या डाव्या बाजूला उभी राहिली. काटेवाल्याच्या तोडीचा काटेवाला निघाला, हसऱ्याच्या तोडीचा हसरा. बाळूच्या जोडीला कोणीच नव्हतं. तो झाला कच्चं लिंबू. दोन्हीकडून खेळायचं, आणि बाद कधीच व्हायचं नाही. त्याची तर चैनच झाली.

मग जो डाव रंगला! इकडचा एक बाद झाला की तिकडचा एक. कडेला कोणी फार वेळ बसेना. वेणूने सोनाईला धरलं, तेव्हा माळ्यावरची माणसंही ओरडली. शेवटी हेमकळा एकटी उरली. दम कोंडून हुतूतू म्हणत ती रेघेकडे झेपावली, पण भिवाने तिचे पाय धरले. बोट रेघेला टेकता टेकता राहिलं.

हेमकळा हरली. उठली, गुडघ्यांवरची माती झटकली आणि म्हणाली, "आणखी एक डाव?"

तेवढ्यात पाण्यात मोठाले बुडबुडे आले. कासव घोरत होतं. पाणी घरांतून निघालं, देवळातून निघालं, घाट उतरून तळ्यात गेलं. राजा चिखलातच फतकल मारून बसला. कोणी हसलं नाही, कारण सगळेच बसले होते. मग बायकांनी चुली सारवल्या आणि घराघरांतून भाताचा वास यायला लागला.

तेव्हापासून त्या गावात संघ असेच पाडतात. पोरं पोटभर खेळली, मोठी झाली, सगळी सुखात राहिली. आता तुम्हीही डोळे मिटा बघू. उद्या खेळायला जायचंय ना?