कशावरून, आजोबा?

बाळांनो, डोंगराच्या पोटाशी एक रान होते आणि त्या रानात एक म्हातारा सांबर राहत असे. कळपातल्या पाडसांना तो रोज पाणवठ्याकाठचा चिखल वाचायला शिकवी. सगळ्यांनी मिळून एकाच ठशावर माना वाकवायच्या, एकाने मोठ्याने वाचायचे, बाकीच्यांनी ‘कशावरून?’ म्हणून विचारायचे. आणि उत्तर पटल्याखेरीज पाण्याला तोंड लावायचे नाही, असा त्याचा रिवाजच होता.

एका उन्हाळ्यात वरची डबकी आटली. दोन दिवसांची तहानलेली पाडसे पाणवठ्यावर उतरली. वारा पडलेला. काठच्या लव्हाळ्याचे पातेही हलत नव्हते.

"वाचा," सांबर हळूच म्हणाला.

"तरस!" एक उतावळे पाडस म्हणाले.

"कशावरून?"

"केवढा पंजा आहे बघा की!"

"पण तरसाची नखं उमटतात. इथं नखं कुठं आहेत?" दुसरे पुटपुटले. "हा बिबट्या."

सगळ्या माना आणखी खाली वाकल्या. पावलांची एक ओळ पाण्याकडे आली होती, दुसरी डोंगराकडे गेली होती. सांबराची नजर आता अधू झाली होती आणि घसा त्याचाही सुकला होता. "आला, पाणी प्याला, गेला," तो म्हणाला. "चला, प्या आता."

तोच वाचनात नेहमी मागे पडणारे सगळ्यांत लहान पाडस अडखळत म्हणाले, "कशावरून, आजोबा?"

"ठोंब्या, परतीची पावलं दिसत नाहीत का तुला?" उतावळे खेकसले.

सांबर मात्र थांबला. "वाचू दे त्याला. सावकाश वाच बाळा, आम्ही तुझ्याबरोबर बघतो."

"डोंगराकडच्या पावलांत पाणी साचून निवळलंय. म्हणजे ती जुनी. पाण्याकडच्या पावलांत अजून गढूळ पाणी झिरपतंय. म्हणजे... ती आत्ताची."

या वेळी ‘कशावरून?’ कोणी विचारले नाही. आवाज न करता एकेक पाऊल मागे घेत कळप चढणीला लागला, आणि मग उधळला. लव्हाळ्यातून बिबट्याने झेप घेतली, ती रिकाम्या चिखलावर पडली.

दूरच्या झऱ्यावर पोहोचल्यावर सांबराने लहानग्याला पुढे केले. "आज मी चुकलो होतो रे. आधी तू पी."

"पण आजोबा, इथला चिखल अजून कुणी वाचलाच नाही!"

आणि तहानलेल्या साऱ्या माना, सांबराचीसुद्धा, पुन्हा एकाच ठशावर वाकल्या.

तात्पर्य : सर्वांनी मिळून सावकाश वाचावे, आणि ‘कशावरून?’ हे शिकवणाऱ्यालाही विचारावे.