उतरंडीतल्या राखेची कहाणी

ऐका बीजाई, तुझी कहाणी. आटपाट नगर होतं, पण परसांत पान नव्हतं. जो तो राजाच्या कोठारातून धान्य आणी, रांधी आणि खाई. पेरायचं कसं, ते लोक विसरले. वाफे बुजवले, वर फरश्या घातल्या.

त्या नगरात एक बहीणभाऊ राहत. बहीण आवडी, भाऊ गोंदा. आवडीच्या पदरी लहानगी लेक होती, कुशी. एकटी आवडी काय ती परसात काहीबाही टोची. शेजारणी हसत. "आवडे, कोठार भरलंय की! माती गं कशाला चिवडतेस?" आवडी हसे, माती चिवडत राही. गोंद्यानं कधी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

एके वर्षी चैत्रात आवडी तापानं फणफणली. काढा झाला, अंगारा झाला, नवस झाला. उतार पडेना. मग तिनं भावाला जवळ बोलावलं. म्हणाली, "गोंद्या, उतरंडीच्या तळच्या मडक्यात... राख." पुढे शब्द फुटला नाही. आवडी गेली.

गोंद्याला रडू येईना. मनात एकच भुंगा गुणगुणू लागला, मडक्यात काय असेल? वरचं मडकं उतरवलं, मधलं उतरवलं, तळचं उघडलं. आत काय? राख. त्याच्या डोक्यात तिडीक गेली. "आवडे, कालच तुझी राख नदीत सोडून आलो. आणखी राख कशाला गं ठेवलीस?" मडकं उचललं, परसातल्या उकिरड्यावर आपटलं. वळूनही पाहिलं नाही.

मग काय झालं? पावसाळा आला, कोठाराला कीड लागली. घरोघर चुली विझल्या. कुशी म्हणाली, "मामा, भूक." गोंदा कोठाऱ्याकडे गेला. कोठारी म्हणाला, "किल्ली आहे, दाणा नाही." वाण्याकडे गेला. वाणी म्हणाला, "तराजू आहे, माल नाही." राणीकडे गेला. राणी म्हणाली, "ताट सोन्याचं आहे बाबा, त्यात भात नाही." गोंदा रित्या हातानं घरी आला. कुशीला तोंड कसं दाखवू, म्हणून मागच्या दारानं शिरला.

तो पाहतो, उकिरडा हिरवागार! तांबडा माठ फोफावलेला, वालाच्या शेंगा लोंबताहेत, दुधीचा वेल कुडावर चढलेला. हे कोणी लावलं? ओणवा झाला, माती उकरली. मुळाशी राख, राखेत खापरी, खापरीला चिकटलेली एक बी. बी राखेत का ठेवली असेल? विचारणार कोणाला? जिला विचारायचं, ती गेली.

मग माठ खाल्ला, शेंगा खाल्ल्या, दुधी खाल्ले. वेलावर एकच दुधी उरला, सगळ्यांत थोर. गोंद्यानं कोयता उचलला. तोच कुडाबाहेर एक म्हातारी उभी राहिली. म्हणाली, "दादा, एवढा एक राख."

गोंदा उसळला. "राखेचं नाव काढू नका आजी! बहिणीनं मरताना राखच दिली मला."

"काय म्हणाली होती रे?"

"म्हणाली, मडक्यात... राख."

म्हातारी हसली. "अरे खुळ्या, चुलीतली राख नव्हे. राख म्हणजे सांभाळ, जप. कीड लागू नये म्हणून तिनं बी राखेत घोळवलं, आणि तुला म्हणाली, राख!"

गोंद्याच्या हातातला कोयता गळला. चैत्रात न आलेलं रडू तेव्हा आलं. पोटभर रडला. मग डोळे पुसून म्हणाला, "आजी, आज कुशीला काय घालू?"

"माठ मुळासकट उपटलास का?"

"नाही. घाईत वरवर खुडला."

"तुझी घाई कामाला आली. बघ, फुटलाय."

मग गोंद्यानं वसा विचारला. म्हातारी म्हणाली, "सगळ्यांत थोर फळ वेलावर राखावं. कार्तिकात वाळलं की फोडावं, बी राखेत घोळवावं, उतरंडीत ठेवावं. तीन घरी मूठमूठ द्यावं. नुसतं देऊ नये, जाऊन पेरायला शिकवावं. उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये." बोलता बोलता म्हातारी दिसेनाशी झाली. ती बीजाई होती.

गोंद्यानं पानांआड वाळून राहिलेल्या शेंगांतले वाल कोठाऱ्याला दिले, वाण्याला दिले, राणीला दिले. आठ दिवसांनी राणी तणतणत आली, मागोमाग कोठारी आणि वाणी. "गोंद्या, तुझं बी खोटं. उगवलं नाही!"

"बाईसाहेब, पेरलंत कसं?"

"तुपात परतून. कच्चं कसं पेरायचं?"

कोठारी हसला, वाणी हसला, राणीही हसली. मग गोंदा वाड्यात गेला. राणीनं पदर खोचला, फरशी उखडली, कच्चं बी पेरलं. तिचं पाहून घरोघर वाफे झाले. कोंब आले, वेल चढले, चुली पेटल्या.

भाऊबीज आली. गोंद्याचा पाट रिकामा होता. आता कोण ओवाळणार? कुशी तबक घेऊन आली. "मामा, बस. मी ओवाळते." ओवाळणी काय घालावी? गोंद्यानं वाळका दुधी आणला, खुळखुळ वाजवला, फोडला, मूठभर बी तबकात घातलं. कुशीनं चुलीतली राख आणली, त्यावर पसरली आणि म्हणाली, "मामा, राख."

कोणती राख म्हणाली, ते गोंद्यानं विचारलं नाही. त्याला दोन्ही ऐकू आल्या.

जशी बीजाई गोंद्याला, कुशीला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. कोणाचं परस ओसाड न राहो, कोणाची उतरंड रिती न होवो. ही साठा बियांची कहाणी पाचा वाफ्यांत सुफळ संपूर्ण.